खोट्या वस्तूंचे खरे कारागीर

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या काळातील एक हकीकत सांगितली जाते. बाह्य चित्रणासाठी मंडळी मुंबईहून काही अंतरावर असलेल्या वांगणी या गावी गेली होती. दादासाहेब मागाहून यावयाचे होते. तोवर नटमंडळी ढाली, तलवारी आणि भाले घेऊन तेथे उतरली. असे सशस्त्र लोक पाहताच दरोडेखोर आले अशी गावकऱ्यांची खात्री झाली. खबर पाटलाकडे गेली, पाटलाकडून फौजदाराकडे गेली, आणि अयोध्येचा राजा सर्व लवाजम्यानिशी अटकेत पडला. फाळके येऊन पोहोचले, त्यांनी आपले साहित्य दाखविले, चित्र कसे घेतात ते समजावून सांगितले, तेव्हा कोठे मंडळींची सुटका झाली. त्या तलवारी लाकडाच्या होत्या.

ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु तिच्यात एका संपूर्ण व्यवसायाचे मर्म साठविलेले आहे. लाकडाची तलवार दुरून पोलादाची वाटावी, हेच ती घडविणाऱ्याचे यश. आणि ती पोलादाची वाटली म्हणजे भोळ्या माणसाच्या मनात खरे भय उत्पन्न होते, ही त्याची जबाबदारी. नाटकाला आणि चित्रपटाला लागणाऱ्या वस्तू तयार करणाऱ्या, त्या भाड्याने पुरविणाऱ्या आणि पाऊस, धूर, आग, रक्त यांचे आभास निर्माण करणाऱ्या पेढ्यांत जी माणसे काम करतात, त्यांचे आयुष्य या यशाच्या आणि जबाबदारीच्या मध्ये जाते. प्रेक्षकांना नट ठाऊक असतो, नाटककार ठाऊक असतो. फार तर नेपथ्यकाराचे नाव ठाऊक असते. मुकुट कोणी चिकटविला हे कोणी विचारीत नाही. मुकुट पडला, तरच ती चौकशी होते.

हा व्यवसाय नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा स्वतंत्र विचार आहे. नेपथ्याचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. यांपैकी पुस्त म्हणजे आजच्या भाषेत 'प्रॉपर्टी'. पर्वत, विमान, रथ, ढाल, ध्वज, हत्ती इत्यादी ज्या वस्तू रंगमंचावर प्रत्यक्ष आणता येत नाहीत, त्या कृत्रिम रीतीने करावयाच्या. काही चटया, कापड, कातडे जोडून करावयाच्या, काही यंत्राने हलत्या करावयाच्या, तर काही कापडाने वेष्टून करावयाच्या. लाख, मेण, अभ्रक, तांब्याचा पातळ पत्रा असे हलके पदार्थ त्या कामी वापरावेत, असेही सुचविले आहे. जड अलंकार अंगावर घातले तर नट थकतो, त्याला हालचाल करवत नाही, प्रसंगी मूर्च्छाही येते, हे कारण शास्त्रकाराने स्पष्ट दिले आहे. त्याहून महत्त्वाची सूचना शस्त्रांविषयीची आहे. रंगमंचावर शस्त्राने खरोखर भेदू नये, छेदू नये, प्रहार करू नये. आविर्भावाने सूचित करावे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आहे. वस्तू हलकी असावी आणि तिने कोणाला इजा होऊ नये, हे दोन धडे आजही एखाद्या पेढीत नव्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यातच दिले जातात. धडा देणाऱ्या वृद्ध कारागिराने भरताचे नाव ऐकलेले असेलच असे नाही. हाताची विद्या हातातून हातात येते; ग्रंथ तिच्या साक्षीला मागाहून उभा राहतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला असे मानतात. त्या काळच्या पौराणिक नाटकांत देखावे फारसे नव्हते. परंतु परिणाम साधण्याची युक्ती होती. राक्षस प्रवेश करी तो आरोळ्या ठोकीत, आणि त्याच वेळी मशालीच्या ज्योतीवर राळेची पूड फेकीत. क्षणभर ज्वाळेचा लोळ उठे आणि पुढच्या रांगेतील मुले आईच्या पदरात तोंड लपवीत. राळ कोठून आणावयाची, किती चिमटीत घ्यावयाची, मशाल पडद्यापासून किती हात दूर धरावयाची, हे ज्ञान त्या मंडळीतील कोणा एकाजवळ असे. कोकणातील दशावतारी मंडळींत तर साहित्याचा पेटारा हाच देवस्थानी असतो. त्यातील गणपतीच्या मुखवट्यामुळे पेटाऱ्याची पूजा होते आणि मगच खेळ उभा राहतो. लाकडाला रंग दिलेला तो मुखवटा ज्याने कोरला तोही सुतारच; परंतु त्याच्या हातून घडलेल्या वस्तूला नमस्कार होतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे वैभवाचे युग सुरू झाले. रंगविलेले पडदे आले. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य एवढे चार पडदे असले की निम्मी नाटके पार पडत. पुढे मंडळ्यांमध्ये चढाओढ लागली. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी खऱ्या भरजरी शालूंचा, उंची गालिचांचा आणि अत्तरांचा हट्ट धरला. प्रेक्षकांचे डोळे दिपले, यात शंका नाही. मात्र मंडळी कर्जातही बुडाली. खऱ्या वस्तूंनी रंगभूमी सजविण्याचे मोल काय असते, याचा तो धडा होता. पलीकडे ललितकलादर्श मंडळीने चित्रकाराच्या कुंचल्याचा आणि सुताराच्या पटाशीचा मार्ग अधिक चोखाळला. पु. श्री. काळे यांच्यासारखा कल्पक नेपथ्यकार तिला लाभला, आणि मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम' या १९२२ च्या नाटकापासून खोलीला खोलीसारख्या भिंती, दारे आणि खिडक्या आल्या. पडद्यावर रंगविलेली खुर्ची जाऊन बसण्याची खुर्ची आली. त्या दिवसापासून नाटकाची यादी लांबत गेली. कारण भिंत आली की तिच्यावर घड्याळ हवे. घड्याळ आले की त्यात वाजले किती, हा प्रश्न आला.

चित्रपटाने या यादीत चमत्कारांची भर घातली. फाळके हे छायाचित्रकार होते, मुद्रणकलेचे जाणकार होते आणि हौशी जादूगारही होते. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. कुंडीतील रोपाचे दिवसामागून दिवस एकेक चित्र घेऊन अंकुराची वाढ काही क्षणांत दाखविण्याचा प्रयोग त्यांनी प्रथम केला, आणि त्याच चिकाटीवर पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) उभे राहिले. त्या पहिल्या कारखान्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम करीत, उन्हात पांढरे कापड धरून प्रकाश परावर्तित करीत आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पडद्यामागच्या कामगारांत त्यांची गणना केली पाहिजे.

कोल्हापुरात हीच परंपरा कारागिरांच्या घरातून आली. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता मेस्त्री घराण्यातील आनंदराव आणि बाबूराव या बंधूंचे आडनावच पेंटर झाले. आनंदरावांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी चित्रण करण्याचे यंत्र स्वतः घडविले आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट पूर्ण केला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक हादरले आणि परिनिरीक्षकांनी त्या दृश्यावर कात्री चालविली. बनावट वधाला खऱ्या वधाचा मान मिळाला तो असा. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल यांनी सहकाऱ्यांसह १९२९ साली प्रभात कंपनी काढली. १९३६ च्या त्यांच्या 'संत तुकाराम' या चित्रपटात शेवटी वैकुंठाहून विमान येते आणि तुकोबांना घेऊन जाते. ते विमान कारखान्यात ठोकून, रंगवून, उचलून घडविलेले होते, हे जाणणारा प्रेक्षकही त्या क्षणी हात जोडतो. पुढे १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. विमानाचे खिळे ज्यांनी ठोकले त्यांच्यापर्यंत ती वार्ता पोहोचली असेल, तर त्यांना किती समाधान वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

पूर्वी नाटकमंडळीचे सामान मंडळीबरोबर रेल्वेने हिंडे आणि चित्रपट कंपन्यांचे सामान त्यांच्याच आवारात राही. मंडळ्या मोडल्या, कंपन्यांचे स्टुडिओ बंद पडले किंवा भाड्याने जाऊ लागले, तसे हे सामान स्वतंत्र पेढ्यांच्या हाती आले. मुंबईत कपड्यांसाठी 'ड्रेपरीवाला' आणि वस्तूंसाठी 'प्रॉपर्टीवाला' हे शब्द रूढ झाले. गोरेगावच्या चित्रनगरीपासून दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंत सकाळ-संध्याकाळ जे टेम्पो धावतात, त्यांत पुष्कळदा एखादे सिंहासन, एखादा पाळणा आणि एखादी तिरडी शेजारी शेजारी बसून प्रवास करीत असतात.

अशा पेढीचे कोठार हे एक विलक्षण स्थळ असते. एका फळीवर दिवे : समई, लामणदिवा, कंदील, चिमणी, गॅसबत्ती, टेबलावरचा विजेचा दिवा. दुसऱ्या फळीवर दूरध्वनी : भिंतीवरचा, तबकडीचा, बटणांचा, खिशातला. तिसऱ्या बाजूस देवांची आयुधे. त्यांच्या खाली न्यायाधीशाची हातोडी आणि डॉक्टरची पेटी. कोपऱ्यात वेताच्या खुर्च्या, शिसवी पलंग, लोखंडी खाटा. प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाची वहीत नोंद. वही उघडली तर 'मुकुट, नग सहा. गदा, नग दोन. कवटी, नग तीन. प्रेत, नग एक' अशा ओळी वाचावयास मिळतात. सरकारी दप्तरातील जडसंग्रह नोंदवहीलाही लाजवील असा तिचा काटेकोरपणा असतो, आणि तो असावाच लागतो. कारण रात्री प्रयोग संपल्यावर सहापैकी पाच मुकुट परत आले, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नाटकातील एक राजा बोडका राहतो.

नव्याने कामास लागलेल्या तरुणाला प्रथम या वहीवरच बसवितात. त्याला वाटलेले असते की आपण कलेच्या क्षेत्रात आलो. येथे तर हमालखान्याची हजेरी मांडावी लागते. परंतु हळूहळू त्याच्या ध्यानात येते की ही यादीच त्याची शाळा आहे. संहितेत लेखकाने लिहिलेले असते, 'तो पत्र वाचतो.' यादी करणाऱ्याने विचारावयाचे असते : पत्र कोणत्या काळातले? पोस्टकार्ड की अंतर्देशीय? शाई निळी की काळी? नट ते फाडतो काय? फाडीत असेल तर प्रत्येक प्रयोगाला नवे पत्र हवे. चित्रपट असेल तर त्या प्रसंगाचे चित्रण जितक्या वेळा होईल तितकी एकसारखी पत्रे हवीत, आणि पहिल्या चित्रणात ज्या रेषेवर ते फाटले त्याच रेषेवर पुढचेही फाटले पाहिजे. 'ती दूध पिते' एवढ्या तीन शब्दांत पेला, दूध, पेल्याचा धातू, दूध सांडले तर पुसावयाचे फडके, आणि नटीला दूध सोसते की नाही याची चौकशी, इतके सारे सामावलेले असते.

मग अंतराचा हिशेब शिकावा लागतो. नाट्यगृहातील शेवटच्या रांगेला मुकुटावरील नक्षी दिसत नाही; त्याला चमक दिसते. म्हणून पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून, त्यावर सोनेरी बेगड किंवा रंग चढविला की काम भागते. कॅमेरा मात्र नटाच्या भुवईपर्यंत येतो. त्याला दोरा दोराच दिसतो. तेथे साच्यातून ओतीव काम काढावे लागते. पूर्वी कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर यांवर निभावत असे. आता फायबर, रबर आणि फोम आले आहेत, आणि त्रिमितीय छपाईच्या यंत्रातून शिरस्त्राणे निघू लागली आहेत. साधन कोणतेही असो, शेवटचा हात रंगाचा असतो. नव्या वस्तूला जुनी करणे, घागरीला पोचा पाडणे, दाराच्या कडीभोवती हाताचा मळ दाखविणे, पुस्तकाची पाने चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी करणे, ही खरी परीक्षा. जग जेथे जुने ते नवे करण्याच्या खटपटीत असते, तेथे हा एक धंदा असा की जो नवे ते जुने करून पोट भरतो.

या कामाला कायद्याचेही कुंपण आहे. नाटकातील सावकाराच्या तिजोरीत नोटांची बंडले हवी असतात. परंतु चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणे हा गुन्हा आहे. म्हणून पेढीतील नोटांवर बँकेचे नाव बदललेले असते, आणि त्या दुरूनच दाखवावयाच्या असतात. ऋषींच्या आश्रमात पूर्वी खरे मृगाजिन किंवा व्याघ्रांबर अंथरले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाच्या कातड्याचा व्यापार बंद झाला, आणि आता कापडावर केस बसवून व पट्टे रंगवून वाघ तयार होतो. हा बदल सर्वांच्याच हिताचा झाला, वाघाच्या विशेष. बंदुकीसाठी शस्त्रांचा कायदा आहे, दारूकामासाठी स्फोटकांचे नियम आहेत. कोणती वस्तू भाड्याने देता येते आणि कोणती देता येत नाही, हे ज्याला कळत नाही तो या धंद्यात फार दिवस टिकत नाही.

वस्तूंच्या पलीकडचे खाते परिणामांचे. चित्रपटातील पाऊस नळांतून पडतो. परंतु पाणी पाडले म्हणजे पाऊस दिसतो असे नाही. थेंबांच्या मागून प्रकाश टाकला तरच धारा उमटतात. धुक्यासाठी गोठविलेला कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे 'ड्राय आइस', गरम पाण्यात सोडतात. त्याचे उष्णतामान शून्याखाली अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास असते. उघड्या हाताने धरला तर भाजल्यासारखी जखम होते, आणि बंद खोलीत फार सोडला तर श्वास कोंडतो. प्रेक्षकाला त्यात स्वर्ग दिसतो. काम करणाऱ्याला हातमोजे आणि उघडी खिडकी दिसावी लागते. फुटणारी काच एके काळी साखरेच्या पाकाची करीत. आता तशीच ठिसूळ राळ वापरतात. रक्तात रंग आणि गोड पाक असतो. दारुड्याच्या पेल्यात बहुधा कोरा चहा असतो, आणि तो पिऊन झिंगणे ही सर्वस्वी नटाची कला असते.

नभोवाणीच्या नाटकात तर वस्तू दिसतच नाहीत, ऐकू येतात. तेथे नारळाच्या दोन करवंट्या आळीपाळीने आपटल्या की घोडा दौडतो. पातळ पत्रा हलविला की मेघगर्जना होते. सुपात वाटाणे फिरविले की पाऊस पडतो, आणि चुरचुरीत कागद चुरगाळला की वणवा पेटतो. खरा घोडा ध्वनिक्षेपकासमोर आणून उभा केला असता, तर तो बहुधा गप्पच राहिला असता. सत्याचा आभास निर्माण करण्यासाठी प्रत्यक्ष सत्य नेहमी उपयोगी पडतेच असे नाही, हे या करवंट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केले आहे.

परंतु या साऱ्या गमतीच्या पोटी एक गंभीर गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच या व्यवसायाकडे आदराने पाहावयास हवे. खोटी वस्तू निष्काळजी हातात गेली तर खरी होते. १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात म्हैसूर येथे टिपू सुलतानाच्या जीवनावरील दूरदर्शन मालिकेचे चित्रण चालू असता सेटला आग लागली आणि साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सेटच्या भिंतींना चटकन पेट घेणारे गोणपाट होते आणि वायुवीजन अपुरे होते. मेलेल्यांत तंत्रज्ञ आणि कामगारही होते. १९९३ साली अमेरिकेत ब्रँडन ली हा तरुण नट चित्रण चालू असताना बंदुकीच्या गोळीने गेला. आधीच्या दृश्यासाठी वापरलेल्या बनावट काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते. पुढे त्याच बंदुकीत आवाजाचे रिकामे काडतूस भरले, आणि त्याने ते टोक बाहेर फेकले. नळीतून एकदा पाहण्याचे काम राहून गेले, एवढेच. २०२१ साली न्यू मेक्सिको राज्यात असाच प्रकार घडला. बनावट असावयास हवी होती ती गोळी खरी निघाली आणि छायाचित्रण करणारी एक स्त्री प्राणास मुकली. शस्त्रांची देखरेख जिच्याकडे होती त्या तरुणीला २०२४ साली न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली.

या घटनांत खलनायक शोधून सापडत नाही. सापडते ती घाई. दिग्दर्शकाला प्रकाश मावळण्यापूर्वी दृश्य हवे असते, निर्मात्याला दिवस वाचवावयाचा असतो, नटाला पुढच्या कामावर जावयाचे असते. त्या सर्वांच्या पुढे उभे राहून 'थांबा, अजून तपासले नाही,' असे म्हणण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, तो सर्वांत कमी पगाराचा मनुष्य असतो. त्याच्या त्या शब्दाला वजन देण्याची पद्धत असली पाहिजे. चांगल्या पेढ्यांत ती असते. तेथे शस्त्र पेटीत कुलपाखाली असते. ते देणारा एक आणि घेणारा एक. देताना नळी उघडून दोघांनी पाहावयाची. दृश्य संपताच परत घ्यावयाचे. आगीचे दृश्य असेल तर वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी आधी मांडावयाची आणि मगच काडी ओढावयाची. नव्या उमेदवाराला हे नियम प्रथम जाचक वाटतात. पुढे कधीतरी त्याच्याच हातातील बादली उपयोगी पडते, आणि मग त्याला नियम शिकवावे लागत नाहीत.

गेल्या काही दशकांत संगणकाने या क्षेत्रात प्रवेश केला आहे. सैन्य, समुद्र, वणवे आणि व्याघ्र आता पडद्यावर चित्राच्या रूपाने भरता येतात. बंदुकीच्या तोंडची ज्वाळाही मागाहून रंगविता येते, आणि तसे करणेच शहाणपणाचे आहे असे अनेक जण मानू लागले आहेत. मग पेढीतील लाकूड, पुठ्ठा आणि बेगड यांचे काम संपले काय? तसे दिसत नाही. नटाच्या हाताला धरावयास काही तरी लागते. डोळ्यांपुढे खरा दिवा असला की त्याच्या चेहऱ्यावरील प्रकाश वेगळा असतो, आणि मांडीवर खरे वजन असले की बसण्याची रीत बदलते. नाटकाला तर संगणकाचा समुद्र फारसा उपयोगी नाही. तेथे पेला पडलाच पाहिजे आणि त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली दिल्लीत प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा फिरत्या रंगमंचाचे नवल झाले. प्रभाकर पणशीकर क्षणात एक वेष टाकून दुसरा घेत. परंतु मंच फिरून जो नवा देखावा समोर येई, तो मागच्या अंधारात कोणीतरी मिनिटांच्या हिशेबाने मांडून ठेवलेला असे. टाळ्या पुढे पडत आणि मांडणारे हात पुढच्या प्रवेशाच्या कामाला लागत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीस, अशा पेढीत करवत, पटाशी, हातोडी आणि रंगाचे ब्रश यांची पूजा होते. त्यांच्याच शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी तलवारींनाही कोणीतरी हळदकुंकू वाहतो. एका बाजूस खरी हत्यारे, दुसऱ्या बाजूस त्यांच्यापासून घडलेली खोटी. पूजा करणारा त्यांत भेद करीत नाही, आणि त्याचे बरोबरच असते. खऱ्या तलवारीने राज्ये मिळाली आणि गेली. या तलवारींनी कोणाचेही रक्त न सांडता हजारो लोकांच्या अंगावर काटा आणला आहे.

रात्री प्रयोग संपतो. प्रेक्षक नाटकाची चर्चा करीत शेवटची गाडी गाठतात. नट रंग उतरवितो. मागल्या दाराशी टेम्पो उभा असतो आणि एक मनुष्य हातात वही घेऊन खुणा करीत असतो : सिंहासन एक, आले, मुकुट सहा, आले, तलवारी आठ, आल्या. एका तलवारीचे टोक किंचित तुटून फाळ निघालेला असतो. अंधारात ते कोणाच्या लक्षात आले नसते. तो बोट फिरवून पाहतो, ती तलवार बाजूला काढतो आणि वहीत तिच्या क्रमांकापुढे लिहितो, 'दुरुस्तीशिवाय देऊ नये.' त्या रात्रीच्या नाटकाची परीक्षणे दुसऱ्या दिवशी छापून येतात. ही एक ओळ कोठेही छापली जात नाही. परंतु पुढच्या प्रयोगात जो नट छातीवर वार झेलून कोसळतो आणि पडदा पडल्यावर हसत उठून उभा राहतो, तो त्या ओळीमुळेच उठतो.